लाल पाय आणि लाल शाई

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

पत्र लांबलं आहे, हे आधीच कबूल करते. कात्री लावावी लागली तर जरूर लावा, फक्त स्वॅबचा आणि पेनाच्या रेघेचा मजकूर तेवढा राहू द्या.

मी ३४ वर्षं परिचारिका होते. त्यातली बरीचशी सर्जिकल वॉर्डात, ड्रेसिंगच्या ट्रॉलीमागे गेली. गळवं, बेडसोअर, भाजलेले हात, मधुमेहाचे पाय, सगळं हाताखालून गेलं. म्हणूनच घरात ८४ वर्षांच्या आईच्या बाबतीत माझ्या डोळ्यांदेखत, आणि थोडं माझ्याच हातून, जे घडलं ते लिहिताना संकोच वाटतो. औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंच्या बातम्या मी नेमाने वाचते. त्यांत आयसीयू असतं, व्हेंटिलेटर असतो, मोठमोठे आकडे असतात. एखाद्या म्हातारीची लालसर नडगी त्यांत कधी दिसत नाही. आमच्या घरी मात्र गोष्ट तिथूनच सुरू झाली.

गेल्या वर्षी आईच्या दोन्ही नडग्या लाल झाल्या. कातडी ताणलेली, चकाकणारी, घोट्यापाशी नखाएवढी एक ओलसर जखम. सूज तर आधीपासूनच होती, संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतायचा. भाऊ म्हणाला, "अगं, इन्फेक्शन आहे हे उघड दिसतंय. तू सिस्टर असून बघत काय बसलीस?" मला ते लागलं. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरांनी टेबलापलीकडून पाहिलं, "सेल्युलायटिस" म्हणाले, म्हणजे कातडीच्या आतल्या थरांत पसरलेला जंतुसंसर्ग, आणि फाइल उघडली. फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहिलंय : पेनिसिलीनची ॲलर्जी. त्यामुळे पेनिसिलीन आणि त्याची भावंडं बाद. क्लिंडामायसिन हे दुसरं प्रतिजैविक (अँटिबायोटिक) दिलं, सात दिवस.

सात दिवसांनी पाय तितकेच लाल. मग "जरा वरचं" म्हणून क्विनोलोन गटातल्या प्रतिजैविकाची गोळी, आणखी सात दिवस. पाय तसेच. तेव्हा स्वॅब पाठवायचं ठरलं. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, तुम्हीच घ्या ना घरी."

घेतला. आणि इथे माझी चूक सांगते, कारण ही चूक मी इतरांना करताना पकडलेली आहे. ड्रेसिंग सोडलं, जखमेवर पिवळट साय होती तिच्यावरून काडी फिरवली आणि नळीत टाकली. जखम सलाईनने धुतली नाही. खालचा लालबुंद, जिवंत भाग दिसेपर्यंत साफ केली नाही. नियम साधा आहे : आधी धुवा, मग स्वच्छ भागावर सेंटीमीटरभर जागेत काडी दाबून फिरवा, आतलं पाणी काडीला लागलं पाहिजे. वरच्या सायीत जे सापडतं ते आजाराचं कारण असेलच असं नाही. आठवडेच्या आठवडे उघडी राहिलेली कुठलीही जखम निर्जंतुक नसते. पायावरचा जुना व्रण असो की पाठीवरचा बेडसोअर, त्यात जंतू वस्तीला असतातच. वस्ती म्हणजे हल्ला नव्हे. हल्ला झालाय की नाही हे रुग्णाकडे पाहून ठरतं : जखमेच्या कडेने लाली पसरतेय का, दुखणं वाढलंय का, नवा पू आहे का, अंगात कणकण आहे का. यातलं काहीच नसेल तर स्वॅब पाठवूच नये, कारण पाठवला की रिपोर्ट येतो, आणि रिपोर्ट आला की औषध न देण्याची हिंमत फार थोड्यांना होते.

रिपोर्ट आला. जंतूंची भरघोस वाढ, आणि पुढे औषधांची यादी, बहुतेकांपुढे 'आर'. आर म्हणजे रेझिस्टंट. भावाने तो कागद हातात धरला आणि त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे आता काहीच लागू पडणार नाही?" मीही घाबरले, खोटं कशाला सांगू. ॲडमिट करून शिरेतून भारी इंजेक्शनं द्यायची तयारी सुरू झाली. आज त्या कागदाकडे पाहिलं की वेगळंच दिसतं. दोन आठवडे दोन औषधं पोटात गेली होती. त्यांना बळी पडणारे जंतू मेले, न पडणारे उरले, त्यांना मोकळं रान मिळालं. तो रिपोर्ट आजाराचा नव्हताच, आम्ही आधी दिलेल्या दोन कोर्सचा होता.

ॲडमिट करण्याआधीच आईचं बिनसलं. दुसऱ्या गोळीच्या पाचव्या दिवसापासून ती रात्री उठून बसायची, मला तिच्या बहिणीच्या नावाने हाक मारायची, पांघरुणाच्या कडा निवडत बसायची. आम्ही म्हटलं, वय झालं. मग जुलाब सुरू झाले, दिवसातून आठ-दहा वेळा. तपासणीत क्लोस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाचा जंतू निघाला. आतड्यातले नेहमीचे, निरुपद्रवी जंतू प्रतिजैविकाने मेले की रिकाम्या जागेत हा शिरतो, आणि वय ६५ च्या पुढे असलं की जास्त जोर करतो. क्लिंडामायसिन आणि क्विनोलोन ही त्याला वाट मोकळी करून देणारी नावाजलेली जोडी. आईला दोन्ही मिळाली होती. आता त्या जुलाबांवर पुन्हा प्रतिजैविक! प्रतिजैविकाने झालेल्या आजाराला प्रतिजैविक, हे लिहिताना हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

रात्रीच्या त्या बडबडीचं कारण मला नंतर एका कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर सापडलं. आईचं रक्तातलं क्रिएटिनीन १.०, म्हणजे छापील मर्यादेत. 'किडनी नॉर्मल' असं आम्ही सगळेच समजून चाललो होतो. पण क्रिएटिनीन, म्हणजे किडनी गाळून टाकते तो कचरा, स्नायूंतून येतं, आणि आईच्या अंगावर स्नायू राहिलेत कुठे? म्हणून किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्त साफ करते त्याचा अंदाज काढायचा : १४० मधून वय वजा करायचं, वजनाने गुणायचं, ७२ गुणिले क्रिएटिनीनने भागायचं, आणि बाई असेल तर पुन्हा ०.८५ ने गुणायचं. हे सूत्र १९७६ पासून आहे, आम्ही ट्रेनिंगमध्ये घोकलंय. ५६ गुणिले ४५ किलो, २५२०. भागिले ७२, ३५. गुणिले ०.८५, म्हणजे २९.७५. हा आकडा ५० च्या खाली असला की ज्या गोळीचा डोस कमी करायचा असतो, ती आईला धडधाकट तरुणाच्या मापाने चालली होती. वय झालं नव्हतं, औषध साठलं होतं. गणिताला दोन मिनिटं लागली. ती दोन मिनिटं चौदा दिवसांत कुणालाच मिळाली नाहीत, मलाही नाही.

जुलाब आटोक्यात आल्यावर एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे खुर्चीतून उठून आईच्या पायाशी बसल्या. दोन्ही पाय उघडे करायला लावले, उजेडाकडे. हाताच्या पालथ्या बाजूने आधी एक नडगी, मग दुसरी चाचपली. कोमट, दोन्ही सारख्याच. मग विचारलं, "आजी, दुखतं की खाजतं?"

आई म्हणाली, "खाजतं गं बाई. कधीपासून सांगतेय."

खरंच सांगत होती. आम्ही ऐकलं नव्हतं.

घोट्याच्या वरती तपकिरी डाग होते, गंजासारखे. कोंड्यासारखे पापुद्रे होते. बाई म्हणाल्या, हे इसब आहे, शिरांचं. पायातल्या शिरांना झडपा असतात, त्या सैल पडल्या की रक्त खालीच तुंबतं, पाणी कातडीत झिरपतं, रक्तातलं लोह तिथे साठून डाग पडतात, आणि कातडी चिडते. लाल होते, खाजते, पाझरते. जंतूंचा यात संबंध नाही. त्यांनी सांगितलेलं एक वाक्य मी आता भेटेल त्याला सांगते : दोन्ही पाय एकाच वेळी, सारखेच लाल झाले असतील तर तो सेल्युलायटिस बहुतेक वेळा नसतोच. जंतू एका पायात शिरतो, जोडीने येत नाही. २०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पायाचा सेल्युलायटिस म्हणून दाखल झालेल्या २५९ जणांचे कागद तपासले, तर ७९ जणांना तो मुळात नव्हताच. म्हणजे जवळजवळ तिसरा माणूस. या लोकांना प्रतिजैविक लागू पडणार कसं? आणि लागू पडलं नाही की पुढचं, वरचं, भारी. आमच्या घरी झालं ते अगदी याच पायऱ्यांनी झालं.

बाईंनी पावलांची नाडी तपासली, घोट्याचं ब्लडप्रेशर मोजलं. धमन्या अरुंद असतील तर पट्टी आवळणं पायावर बेतू शकतं, म्हणून हे आधी. रक्तपुरवठा बरा निघाला. मग पावलापासून गुडघ्यापर्यंत दाबाची पट्टी, रोज तेलकट मलम भरपूर, थोडे दिवस स्टेरॉइडचं मलम, आणि बसताना पाय उंचावर. तीन आठवड्यांत लाली गेली, व्रण भरला. प्रतिजैविक शून्य.

आता कुणी म्हणेल, ही पत्र लिहिणारी प्रतिजैविकांच्या विरोधात गेली. तसं नाही. चारच महिन्यांनी आईला खरा सेल्युलायटिस झाला, आणि तो कसा वेगळा दिसतो हे पुन्हा एकदा डोळ्यांनी पाहिलं. पहाटे हुडहुडी भरली, दात वाजत होते. सकाळी उजवी नडगी, फक्त उजवीच, लालभडक आणि तव्यासारखी गरम. पांघरूण लागलं तरी आई कळवळत होती. जुनी माणसं याच्या एका प्रकाराला धावरं म्हणायची, आणि तो धावतो म्हणजे काय हे अर्ध्या दिवसात कळतं. शिरला कुठून ते शोधायला पाय उचलला तर करंगळीच्या बेचकीत चिखल्या झालेल्या. पांढरी, भिजलेली कातडी, मधोमध चीर. इतके दिवस मी नडगीला मलम लावत होते आणि बेचकी बघायची राहिली होती.

आईला त्या दिवशी हुडहुडी तरी भरली. पुष्कळ वृद्धांना तेवढंही होत नाही. ताप येत नाही, पांढऱ्या पेशी फारशा वाढत नाहीत. नुसतं जेवण सोडतात, गप्प होतात, दोनदा पडतात, भलतंच बोलतात. म्हणून म्हाताऱ्या माणसाचं एकाएकी बिनसलं तर कपडे काढून सगळी कातडी बघावी : बेचक्या, टाचा, स्तनांखाली, जांघेत, माकडहाडावर. पट्ट्याने एकाच बाजूला फोड आले असतील तर ती नागीण, तिथे प्रतिजैविक फुकट. तिचं औषध वेगळं आणि तीन दिवसांच्या आत सुरू केलेलं बरं.

उजव्या पायाला औषध लागणारच होतं. आणि इथे ती लाल शाई पुन्हा आडवी आली. या वेळी बाई म्हणाल्या, "ॲलर्जी म्हणजे नेमकं काय झालं होतं?" आई म्हणाली, लहानपणी गोळ्या घेतल्या तेव्हा उलट्या झाल्या होत्या. पुरळ? नाही. श्वास कोंडला? नाही. ओठ सुजले? नाही. नुसत्या उलट्या, ७० वर्षांपूर्वी. आयुष्यभर फाइलमागून फाइल बदलली, पण ती ओळ प्रत्येक नव्या फाइलवर उतरत गेली. मी स्वतः ती दोनदा उतरवली आहे, माझ्याच अक्षरात, लाल पेनाने, खाली रेघ मारून. पेनिसिलीनची ॲलर्जी आहे असं सांगणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना नीट तपासल्यावर ते चालतं. खरी ॲलर्जी असलेल्यांतही दहा वर्षांनी पुष्कळांची ती ओसरलेली असते. बाईंनी दवाखान्यात बसवून, जवळ इंजेक्शनाची तयारी ठेवून, आईला लहानसा डोस दिला आणि तासभर पाहिलं. काही झालं नाही. (हे घरी करून बघू नका. ज्यांना पूर्वी श्वास कोंडला होता किंवा कातडी सोलून निघाली होती त्यांनी तर नाहीच.)

मला या सगळ्यात सर्वांत चुटपुट लावणारी गोष्ट ही आहे. असा धावता, बिनपुवाचा सेल्युलायटिस बहुतेक वेळा स्ट्रेप्टोकोकस जातीच्या जंतूंचा असतो. आणि त्यातला मुख्य जंतू, ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस, पेनिसिलीन वापरात आल्याला ८० वर्षं उलटली तरी आजही पेनिसिलीनने मरतो. स्टॅफिलोकोकस या दुसऱ्या जंतूने पेनिसिलीनला कधीच धाब्यावर बसवलं. त्याच्यासाठी मेथिसिलीन काढलं, तर १९६१ पर्यंत तेही पचवणारा स्टॅफ इंग्लंडमध्ये सापडला. आज एमआरएसए म्हणतात तो हा. पण स्ट्रेप बिचारा जुन्या औषधाला अजून मान देतो. म्हणजे इतकं जुनं, इतकं नेमकं औषध आईच्या आजाराला पुरेसं होतं, आणि एका उलटीच्या आठवणीने आम्ही ते कपाटात बंद करून जड हत्यारं बाहेर काढत होतो.

वॉर्डात नव्या मुलींना मी १९४१ ची एक हकीकत सांगायची. ऑक्सफर्डमध्ये अल्बर्ट अलेक्झांडर नावाचा ४३ वर्षांचा पोलीस. चेहऱ्यावरच्या एका लहान जखमेतून स्टॅफ आणि स्ट्रेप दोन्ही शिरले, डोक्यावर, फुप्फुसांत गळवं, एक डोळा काढावा लागला. फेब्रुवारीत त्याला पेनिसिलीन टोचलं. चोवीस तासांत ताप उतरू लागला, भूक लागली. पण जगातलं पेनिसिलीन तेवढंच होतं. त्याच्या लघवीतून ते पुन्हा गाळून काढून त्यालाच टोचत राहिले. पाचव्या दिवशी संपलं. मार्चमध्ये तो गेला. मुली विचारायच्या, "सिस्टर, लघवीतून?" हो, लघवीतून, इतकी त्याची किंमत होती. आणि आपण ते खाजणाऱ्या पायाला देतो.

आता पेनाची रेघ. उजव्या पायाला गोळ्या सुरू केल्या त्या सकाळी मी लालीच्या कडेने बॉलपेनाने रेघ मारली आणि शेजारी वेळ लिहिली. पहिल्या दिवशी लाली रेघेच्या दोन बोटं पुढे गेली. माझा हात फोनकडे गेला. बाईंनी आधीच बजावलं होतं : पहिल्या २४ ते ४८ तासांत लाली थोडी पुढे सरकू शकते, मेलेल्या जंतूंचा कचराही कातडीला चिडवतो. तेवढ्यावरून औषध बदलायचं नाही, माणूस कसा आहे ते बघायचं. ताप उतरला का, दुखणं कमी का, पाणी मागते का. मागत होती. तिसऱ्या दिवशी लाली रेघेवर थांबली, चौथ्या दिवशी आत सरकली. पाय पूर्ण वेळ उशीवर, म्हणजे सूज लवकर उतरते.

पाचव्या दिवशी कोर्स संपला. पाय अजून गुलाबी होता. छत्तीस प्रकारच्या शंका मनात आल्या. आम्ही शिकलो तेव्हा दहा दिवस, चौदा दिवस असायचे, आणि "कोर्स पुरा करा" हे तर भिंतीवर लावलेलं. पण साध्या सेल्युलायटिसला सुधारणा होत असेल तर पाच ते सहा दिवस पुरतात, अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०२१ मध्ये तसा स्पष्ट सल्ला दिला आहे. उरलेली लाली ही सुजेची असते, ती आणखी आठवडाभर रेंगाळते. गोळी मनाने थांबवायची नाही हे खरंच, पण डॉक्टरांना "किती दिवस, आणि का?" हे विचारायला काय हरकत आहे? प्रत्येक जादा दिवस तोंडातल्या, आतड्यातल्या, कातडीवरच्या सगळ्या जंतूंना शिकवणीचा दिवस असतो. मी गप्प बसले. लाली गेली.

रेघेची वाट न बघता धावायचं कधी, हेही लिहिते, नाहीतर माझं पत्र वाचून कुणी घरी बसेल. दिसण्याच्या मानाने दुखणं भयंकर असेल, कातडी जांभळी-काळी पडत असेल, फोड येत असतील, दाबल्यावर कुरकुर लागत असेल, श्वास जोरात चालला असेल, माणूस झोपाळू झाला असेल, तर त्याच मिनिटाला रुग्णालय. ते कातडीच्या खालच्या थरात शिरलेलं असू शकतं आणि तिथे तासांचा हिशेब असतो. तिथे भारी औषध हवंच. ते तिथे चालावं म्हणूनच इतर ठिकाणी हात आखडता घ्यायचा.

गळवाचं मी वेगळं लिहीत नाही. पू असेल तिथे चीर द्यावी लागते, गोळी पुवात पोचत नाही, एवढं पुरे. बेडसोअरचंही तेच : कूस बदलणं, गादी, ओल टाळणं यांनी तो भरतो. कडेने लाली पसरली किंवा हाडापर्यंत गेलं तरच प्रतिजैविक.

पण मलमांबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. एकाच ट्यूबमध्ये स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक असं तिन्ही भरलेलं मिळतं, आणि घराघरांत ते 'सगळ्याला चालतं' म्हणून कप्प्यात पडलेलं असतं. चिखल्यांना लावा, खरजेला लावा, गजकर्णाला लावा. खाज दोन दिवसांत थांबते, कारण स्टेरॉइड. बुरशी मात्र आतून पसरते, आणि अर्धवट औषधाला सरावते. टर्बिनाफाइन या बुरशीच्या औषधाला न जुमानणारं गजकर्ण आता इतकं पसरलंय की त्या बुरशीला २०२० मध्ये स्वतंत्र नाव मिळालं : ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. नाव कुणावरून पडलं ते वाचकांनी ओळखावं. मुपिरोसिन या प्रतिजैविक मलमाचंही तसंच. पाच-दहा दिवसांचं मलम लोक महिनोन्महिने प्रत्येक खरचटलेल्या जागी लावतात, आणि मग जिथे त्याची खरी गरज असते तिथे ते चालत नाही.

एक मात्र करा. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. कोट्रायमोक्सेझोल हे प्रतिजैविक आणि ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या एकत्र आल्या तर रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीला चढतं. वॉरफॅरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्याला कित्येक प्रतिजैविकांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पिशवी पाहिली की बघणारा डॉक्टर आपोआप थबकतो, मी हे स्वतः पाहिलंय.

आणि हा म्हाताऱ्यांचा विषय का, तर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली आलेल्या जागतिक अभ्यासात १९९० ते २०२१ या काळात प्रतिजैविक-प्रतिरोधामुळे होणारे पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले, आणि सत्तरीपुढच्यांचे ८० टक्क्यांहून जास्त वाढले, असं दिसलं. लसी आणि स्वच्छतेने मुलं वाचली, ही फार मोठी गोष्ट आहे. आपली वाट मात्र उलटी चालली आहे.

आईच्या पायाला सेल्युलायटिस पुन्हा होऊ नये म्हणून आता रोजची ड्युटी लागली आहे. सकाळी बेचक्या कोरड्या करणं, बुरशीचं साधं मलम, नडगीला तेलकट मलम, आणि दाबाचे मोजे. या मोज्यांना कुणी औषध म्हणत नाही, पण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत पायांना कायमची सूज असलेल्या आणि वारंवार सेल्युलायटिस होणाऱ्यांपैकी नुसतं समजावून सांगितलेल्या ४० टक्के लोकांना तो पुन्हा झाला, दाबाचे मोजे घालणाऱ्यांत १५ टक्के. रोज पेनिसिलीन देऊनही पुन्हा होणं कमी करता येतं, पण गोळी थांबवली की फायदा ओसरतो. मोजे चढवायला मला दहा मिनिटं लागतात, रबरी हातमोजे घालावे लागतात आणि आईची बोलणी खावी लागतात.

संपादक महोदय, आपल्या आरोग्य पुरवणीत जागा असेल तर दोन छायाचित्रं शेजारी-शेजारी छापा : शिरांच्या इसबाचे दोन पाय आणि सेल्युलायटिसचा एक पाय. सावळ्या कातडीचीच छापा, गोऱ्या पायांवर जे लाल दिसतं ते आपल्या सावळ्या कातडीवर अनेकदा जांभळट दिसतं आणि तिथेच चुकामूक होते.

आईच्या नव्या फाइलवरची लाल ओळ मी खोडली, खाली तारीख आणि डॉक्टरांची सही घेतली. बॉलपेनाची रेघ मात्र नडगीवर आंघोळीनंतरही आठवडाभर दिसत होती. मी रोज वाकून बघायची. शेवटी आई म्हणाली, "पाय माझा आहे की तुझी वही?"

आपली,
एक निवृत्त परिचारिका